माझं तांत्रिक मत

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

ही वही शाजियाने दिली. शाजिया आमची लेक, खारघरला राहते, दर रविवारी येते. काल आली ती वही घेऊनच. म्हणाली, अब्बा, ग्रुपवर लिहिता ते यात लिहा. कितीही लांब लिहा, कोणी ग्रुप सोडून जाणार नाही.

झालं असं की आमच्या मैत्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी स्मार्ट मीटरबद्दल चार भागांत लिहायला घेतलं होतं. तिसऱ्या भागानंतर तिघे ग्रुपमधून गेले. मग सेक्रेटरी केतन घरी आला, चहा प्यायला आणि अदबीने म्हणाला, चाचा, एका वेळी पाच ओळी. पाच ओळींत माणूस फार तर गुड मॉर्निंग लिहू शकतो.

खैर. मी कमरुद्दीन तुंगेकर, वय अडुसष्ट. अठ्ठावीस वर्षं कुवेतला तेलाच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. दाब, तापमान, प्रवाह मोजणारी यंत्रं खरं बोलतात की नाही ते तपासायचं, हे माझं काम. आठ वर्षांपूर्वी पनवेलला कायमचा परत आलो. वडिलांनी मला हट्टाने मराठी शाळेत घातलं होतं, त्यामुळे लिहितो मराठीतच.

आता माझी मतं. स्मार्ट मीटर वाईट नाही, तो न विचारता बसवतात ते वाईट. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घालतात त्याने जुन्या गाड्यांची वाट लागते आहे. माझ्याच गाडीचं बघा. स्टिअरिंगला हात लावला की एक थरथर जाणवते, थेट खांद्यापर्यंत. उरण रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरने आमचा आरसा उडवला, साधारण तेव्हापासून हे सुरू झालं. इथेनॉल त्याच सुमारास वाढवलं असणार. गाडी सध्या कव्हर घालून ठेवली आहे.

आणि विजेच्या गाड्या. ज्या तेलावर माझं घर उभं राहिलं, मुलगी शिकली, त्या तेलाला मी इतक्यात सोडणार नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पहिल्या मजल्यावरची निशा एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी सहाला तिची विजेची स्कूटर आवाज न करता गेटबाहेर पडते. तिचा नवरा दीपेश बंदरात टगबोटीवर असतो, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो. घरी सासू हौसाबाई, मूळच्या ओवे गावच्या. गुडघ्यांमुळे त्या फारशा उठत नाहीत.

दुपारी निशा पार्किंगमधल्या पंपाजवळच्या सॉकेटला स्कूटर लावते. आज मी तो सॉकेट बघितला. जुना आहे, थोडा सैल आहे. बायकोला, अस्माला, सांगितलं. ती म्हणाली, सैल आहे तर घट्ट करा. बायकांना तत्त्वाचा प्रश्न कळत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

अस्मा हल्ली दुपारी निशाबरोबर फिरायला जाते, गाढी नदीच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानावर. चांगली गोष्ट आहे. चेहऱ्यावर तजेला आला आहे. मात्र काल नडगीवर निळा डाग दिसला. दगडाला ठेचले म्हणाली. बघून चालत जा म्हटलं.

संध्याकाळी तिने विचारलं की दुचाकीचा फक्त पुढचा ब्रेक दाबला तर काय होतं. मी कागदावर काढून दाखवलं, वजन पुढे कसं जातं, चाक का घसरतं. वीस मिनिटं तिने मन लावून ऐकलं. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज एक फसवणूक मी जागीच रोखली. माझ्या फोनवर आरटीओच्या नावाने ओटीपी आला. अस्माच्या आधारला नंबर माझाच जोडलेला आहे, चोरांना ते बरोबर ठाऊक असतं. मी अस्माला समोर बसवून सगळं समजावलं, असा आकडा कोणालाही सांगायचा नाही. तिने विचारलं, असला आकडा असतो तरी कसा? मी वाचून दाखवला. सहा अंकी. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत, आणि लगेच आत गेली. घाबरली असावी.

रविवार, १६ नोव्हेंबर

अस्माची धाकटी बहीण यूम्ना उरणच्या पुढे करंज्याला असते. गेल्या वर्षी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून घरातच असते. अस्मा म्हणाली, तिला भेटून दोन महिने झाले, जाऊन येऊ या. मी म्हटलं, या पेट्रोलवर गाडी एवढ्या लांब न्यायला नको. बस आणि रिक्षा बदलत जायचं तर तिची कंबर दुखते. पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. ती कांदा चिरत राहिली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मागच्या गल्लीतल्या इमारतीत विजेची स्कूटर जळाली. दुपारपर्यंत ग्रुपवर तिचे सोळा फोटो आले. नुसता काळा सांगाडा उरला आहे. केतन स्वतः घरी आला. म्हणाला, चाचा, तुम्ही तेल-विजेतले माणूस, कमिटीला तुमचं तांत्रिक मत लेखी हवंय. मी विचारलं, किती ओळी? तो ओशाळला. म्हणाला, हव्या तेवढ्या.

तीन पानं लिहिली. लिथियमचं रसायन, उष्णता कशी वाढत जाते, पाण्याने ती आग का विझत नाही, सगळं. शेवटी लिहिलं की सदर घटनेत चार्जिंग हाच आगीचा स्रोत असून आपल्या पार्किंगमधला सॉकेट तात्काळ काढावा. 'तांत्रिक मत' या शब्दांखाली रेघ मारली. खूप दिवसांनी हाताला काम असल्यासारखं वाटलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

गच्चीवर सभा झाली. मी मत वाचून दाखवलं. एरवी मोबाइल बघत बसणारे लोकही ऐकत होते. सॉकेट काढायचं ठरलं, आणि पंपाच्या इलेक्ट्रिशियनने तो अर्ध्या तासात काढलाही.

निशा एकदाच बोलली. "चाचा, मग मी चार्ज कुठे करू?"

मी म्हटलं, "तो प्रश्न तांत्रिक नाही."

लोक हसले. मीही हसलो. निशा पायऱ्या उतरून गेली.

घरी आलो तर अस्माने सभेचं काहीच विचारलं नाही. मीच सांगितलं. तिने जेवायला वाढलं आणि स्वतः जेवली नाही. पोट ठीक नाही म्हणाली.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

निशा जिन्यात भेटली. सलाम नाही, काही नाही. एका हातात नमुन्यांची पेटी, दुसऱ्या हातात जड पिशवी, खांदा एका बाजूला झुकलेला. एवढ्या पिशव्या भरून रक्त कोण देतं, समजत नाही. लॅबवाले माणसाला राबवून घेतात. यावर लिहायला हवं.

बुधवार, ३ डिसेंबर

अस्मा करंज्याला जाऊन आली. निशाची सुट्टी होती, तिच्या सोबतीने गेले म्हणाली. सकाळी नऊला गेली आणि तीनला परत, सुके बोंबील आणि जवळा घेऊन. बस इतक्या लवकर कशी मिळाली विचारलं तर म्हणाली, मिळाली. यूम्ना आता काठी घेऊन ओट्यापर्यंत येते. बहिणी खूप रडल्या, मग खूप हसल्या.

जेवताना म्हणाली, मोठी गाडी शेजारून गेली की वाऱ्याने अंग ओढल्यासारखं होतं, पण हात सैल ठेवले तर काही होत नाही. बसच्या खिडकीतून हात बाहेर काढू नकोस, असं मी तिला बजावलं.

गुरुवार, ११ डिसेंबर

आज जास्त लिहिणार नाही.

जोहरची, दुपारची नमाज आटोपून बसलो होतो. प्लास्टिक जळाल्याचा वास आला. हा वास मी झोपेतही ओळखतो. खाली धावलो. निशाचं दार उघडं होतं, आत धूर. हौसाबाई खाटेवर बसून खोकत होत्या. त्यांच्या खाटेच्या पायाशी स्कूटरची बॅटरी, आणि ती ज्या एक्स्टेन्शन बोर्डला लावली होती तो वितळून गादीच्या कडेला चिकटला होता. चादर तळहाताएवढी जळली होती. निशा तिथेच उभी होती, पिठाचे हात तसेच. आणि अस्मा. अस्मा ओला टॉवेल घेऊन पुढे होत होती.

मी ओरडलो, पाणी नको. मेन स्विच पाडला. प्लग ओढला. बॅटरीला हात लावून बघितला. कोमट होती, बॅटरीला काही झालं नव्हतं. बोर्ड रस्त्यावरचा स्वस्तातला, दोऱ्यासारखी वायर, आणि त्याच बोर्डवर फ्रीजही. आम्ही तिघांनी हौसाबाईंना खुर्चीत बसवून जिन्यात आणलं.

मी निशावर चिडलो. म्हाताऱ्या माणसाच्या खाटेखाली कोणी बॅटरी लावतं का? उत्तर दिलं हौसाबाईंनी, खोकत खोकत.

"तुमी खाली नाय म्हनलं, म्हनून आमी वर आनलं. आता वर पन नाय, तर नेयाचं कुठं?"

मी मागे वळलो. दाराशी दोन हेल्मेट होती. एकात अस्माचा मोतिया रंगाचा स्कार्फ कोंबलेला होता.

शुक्रवार, १२ डिसेंबर

रात्रभर वाट बघितली की अस्मा स्वतःहून सांगेल. सकाळी मीच विचारलं. तिने कपाटातून शिकाऊ लायसन्स काढून समोर ठेवलं. फोटोत ती हसते आहे. पंधरा नोव्हेंबरची तारीख. म्हणजे तो ओटीपी.

महिनाभर ती निशाची स्कूटर शिकते आहे. करंज्याला जाताना मोठ्या रस्त्यावर निशाने चालवली, उरणच्या पुढे अस्माने. सॉकेट गेल्यावर दोघींनी बॅटरी घरात लावायला सुरुवात केली. बोर्ड अस्मानेच आणून दिला होता, उरण नाक्यावरून. म्हणाली, हौसाबाईंना काही झालं असतं तर मी कोणाला तोंड दाखवलं असतं?

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? मी गाडीने नेलं असतं. नुसती गाडी नीट झाली की.

तेव्हा ती शांतपणे जे बोलली ते तसंच्या तसं लिहून ठेवतो.

"गाडीला काही झालेलं नाही. तो ट्रेलर घासून गेला तेव्हा मीही शेजारी बसले होते. तुम्ही घाबरलात, त्यात काही वाईट नाही. पण अठ्ठावीस वर्षं तुम्ही तिकडे होता तेव्हा मी एकटी सगळीकडे जात होते. बँक, शाळा, हॉस्पिटल, यूम्नाचं लग्नसुद्धा मीच उभं केलं. तुम्ही आलात आणि मी घरात बसले. तुमच्या भीतीने मी का बसायचं?"

मी उठून गॅलरीत गेलो. खाली कव्हर घातलेली गाडी दिसत होती.

इथेनॉलचं मत मी मागे घेतो. निदान माझ्या गाडीपुरतं.

रविवार, १४ डिसेंबर

मागच्या गल्लीत गेलो, ती जळालेली स्कूटर बघायला. आधीच जायला हवं होतं. रिफायनरीत जागेवर न जाता कोणी अहवाल लिहिला असता तर मी स्वतः त्याला गेटबाहेर काढलं असतं.

तिथला वॉचमन सांगतो, स्कूटरचा मालक आठवडाभर गावी होता. चार्जिंग नव्हतंच. सफाईवाल्याने सुकलेल्या पानांचा ढीग भिंतीशी पेटवला, वारा आला, आगीने शेजारची स्कूटर धरली. पानांची राख अजून भिंतीशी आहे. एक पेट्रोलची मोटरसायकलही अर्धी जळाली होती, तिचा फोटो कोणी ग्रुपवर टाकला नाही.

मी लिहिलं होतं, चार्जिंग हाच स्रोत. खाली रेघ मारली होती.

मंगळवार, १६ डिसेंबर

निशाकडे गेलो. माफी मागायला म्हणून गेलो आणि दारात उभा राहून अर्थिंगबद्दल बोलू लागलो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, चाचा, त्या दिवशी सगळ्यांसमोर हसलात, ते मला लागलं. चार्जिंगचं मी बघून घेतलं असतं.

मी म्हटलं, चुकलं माझं. एवढंच म्हटलं. इतकी लहान वाक्यं मला जमत नाहीत, त्यामुळे घाम आला.

रविवार, २१ डिसेंबर

केतनला सांगून पुन्हा सभा लावली. तीन पानं घेऊन उभा राहिलो आणि सांगितलं की हे मत चुकीचं आहे, मी न बघता लिहिलं. राखेबद्दल सांगितलं. निशाच्या परवानगीने बोर्डबद्दलही सांगितलं, आणि हेही, की आपण सॉकेट काढल्यामुळे धोका पार्किंगमधून उठून म्हाताऱ्या बाईच्या खाटेखाली गेला. चौथ्या मजल्यावरच्या विनिताबाई मग हळूच म्हणाल्या की त्यांच्या मुलाची बॅटरीही स्वयंपाकघरात लागते. त्यांचा मुलगा खाली बघत राहिला.

केतन वैतागला होता, आणि त्याचं बरोबर होतं. "चाचा, महिन्यापूर्वी तुम्हीच लिहिलंत. आम्ही कुठलं मत धरायचं?"

"जे बघून सांगतोय ते."

वाद दोन तास चालला. काहींनी मला नावंही ठेवली, बायको स्कूटर शिकते म्हणून चाचांचं मत बदललं वगैरे. अस्मा मागच्या रांगेत बसून ऐकत होती. मला वाटलं ती उठून जाईल. ती गेली नाही, म्हणून मीही खाली बसलो नाही.

शेवटी ठरलं की वेगळ्या मीटरसाठी अर्ज करायचा. तो येईपर्यंत लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून नवी जाड वायर, चांगला सॉकेट, स्वतंत्र स्विच आणि अर्थिंग करून घ्यायचं. अट एक. चार्जिंग चालू असताना जबाबदार माणूस जागेवर हजर हवा. केतनने विचारलं, कोण बसणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

सोमवार, २९ डिसेंबर

आज चौथा दिवस. जोहरनंतर खुर्ची घेऊन पार्किंगमध्ये बसतो, चार वाजेपर्यंत. दर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघतो. आज एकदाही गरम लागला नाही.

हौसाबाईंनाही खाली आणतो, उन्हाला. त्या विचारतात, ही वीज येते कुठून. मी कोळशापासून सुरू केलं. त्यांनी मधेच सांगितलं की ओव्यात पहिला दिवा लागला तेव्हा त्यांच्या सासूने त्याला हात जोडले होते, आणि तो महिनाभर पेटलाच नाही तेव्हा शिव्याही घातल्या होत्या. माझं कोळशाचं राहून गेलं.

नवा विमानतळ सुरू झाला, डोक्यावरून आता विमानं जातात. हौसाबाई मान वर करत नाहीत.

मंगळवार, १३ जानेवारी २०२६

अस्माची लायसन्सची परीक्षा झाली. मी गेटबाहेर उभा होतो. आठच्या आकड्यात तिचा पाय एकदा टेकला असं ती म्हणते, पण साहेबांनी पास केलं. तिने मला लांबूनच हात केला. तिथे सगळी कॉलेजची पोरं, त्यांच्या रांगेत माझी एकसष्ट वर्षांची बायको. मी इकडेतिकडे बघत राहिलो, कोणी ओळखीचं दिसतंय का. दिसलं असतं तर बोलावून दाखवलं असतं.

रविवार, १८ जानेवारी

अस्मा आज एकटी करंज्याला गेली, निशाची स्कूटर घेऊन. मी म्हटलं होतं, मी गाडीने मागून येतो, हळूहळू. ती म्हणाली, तुम्ही आधी तलावाला एक फेरी मारून या, मग एवढं लांब. तिला हसू आवरत नव्हतं.

नऊला निघाली. साडेनऊला मी निशाच्या दारात. त्या स्कूटरचं एक ॲप असतं, गाडी कुठे आहे ते नकाशावर दिसतं. निशाने काही न विचारता फोन हातात दिला. निळा ठिपका उरण रस्त्याने चालला होता. माणसावर अशी नजर ठेवणाऱ्या तंत्रज्ञानाविरुद्ध मी पूर्वी पुष्कळ लिहिलं आहे. आज डोळा हलवला नाही.

दहाच्या सुमारास ठिपका थांबला. खाडीकडच्या बाजूला, जिथे ना दुकान ना वस्ती, नुसता रस्ता. एक मिनिट. तीन मिनिटं. सात. निशा म्हणाली, चाचा, फोन करू? मी नको म्हटलं. चालवत असेल आणि घाबरली तर? मग म्हटलं, कर. मग म्हटलं, थांब. त्या अकरा मिनिटांत ट्रेलर, खड्डे, ब्रेक, सगळं डोळ्यांपुढून गेलं. हौसाबाईंनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. कुवेतहून मी शुक्रवारी फोन करायचो. कधी कधी लाइन मिळायची नाही, दोन-दोन आठवडे. ती तेव्हा काय करत असेल, हे मी तिला कधीच विचारलेलं नाही.

मग ठिपका हलला.

चारला ती आली. स्कूटर स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, केस कपाळाला चिकटलेले. मी ठरवलं होतं, विचारायचं नाही. तिनेच सांगितलं. खाडीत गुलाबी पक्षी उतरले होते, शेकड्याने, म्हणून थांबले. बघत उभी राहिले. कोणाला सांगायचं नव्हतं, कोणी चल म्हणणारं नव्हतं.

"पोट भरलं तेव्हा निघाले," ती म्हणाली. मग प्लग लावता लावता तिने विचारलं, "तुम्ही काय केलंत दिवसभर?"

"काही नाही," मी म्हटलं. "बसलो होतो."